ओल शेवटी

गायला आलेल्या माणसाला भूपालआण्णा आधी पाणी द्यायचे आणि ते त्याच्यासमोर गाळून द्यायचे. सांगलीत त्यांच्या घरामागे रेकॉर्डिंगची खोली होती. तिच्या दाराशी एक कळशी असे आणि कळशीच्या तोंडावर दुहेरी घडीचं पांढरं फडकं. पाणी नळाचं, त्यात घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलेलं, तरी आण्णा ते फडक्यातून पुन्हा गाळायचे. जैन घरातली रीत होती ती. कोणी विचारलंच, की आण्णा, यंत्राचं पाणी परत कशाला गाळता, तर म्हणायचे, "यंत्र कंपनीचं हाय. फडकं माझं हाय." गाणाऱ्याने तो तांब्या सावकाश संपवायचा. तोपर्यंत आण्णा माइकला हात लावत नसत.

खोली पूर्वी हळद साठवायची होती. भिंतींवर त्यांनी गोणपाटाचे तीन-तीन थर लावले होते. आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येता कामा नये म्हणून. तिथे बोललेला शब्द तोंडातून निघाला की तिथेच संपायचा. तासभर बसून बाहेर आलेल्या माणसाच्या कपड्यांना हळदीचा मंद वास येई.

मी साताऱ्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. माझी पत्नी कुमुद प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिच्या वर्गातल्या मुलांची समूहगीतं ध्वनिमुद्रित करायला आम्ही पहिल्यांदा आण्णांकडे गेलो. कुमुदने मुलांकडून गाणी बसवून घेतली होती, पण स्वतः एक ओळही गायली नाही. तिला स्वतःचा आवाज ऐकायला आवडत नसे. मुलांचं गाणं आण्णांनी परत लावून दाखवलं तेव्हा मला ते अगदीच उघडं वाटलं. मी म्हणालो, "आण्णा, जरा घुमवा ना."

त्यांनी खुर्ची सावकाश माझ्याकडे फिरवली. "सर, ओल शेवटी."

ते आवाजाच्या घुमण्याला ओल म्हणत. न घुमणारा आवाज कोरडा. बाकीच्या कामांनाही त्यांची स्वतःची नावं होती आणि क्रम ठरलेला होता.

"आधी गाळायचं. पंखा, बाहेरची रिक्षा, खुर्चीची कुरकुर, सगळं. मग निवडायचं, तांदूळ निवडत्यात तसं. नाकातलं काढायचं, छातीतलं ठेवायचं. मग दाबायचं. म्हंजे वरडल्यालं खाली येतंय नि पुटपुटल्यालं वर. दाबलं की 'स' शिट्टी मारायला लागतो, त्येचा काटा मोडायचा. आणि ह्ये समदं झालं की मग ओल."

"आणि आधीच दिली तर?" कुमुदने विचारलं.

"मग दाबताना माणूस खाली जातो नि भिंती वर येत्यात. आणि वहिनी, ओल एकदा आत गेली की निघत न्हाई. कोरड्याला कवाबी ओलं करता येतंय. ओल्याला कोरडं न्हाई करता येत."

मला ते लगेच पटलं. पुराच्या पाण्यात भिजलेली पुस्तकं मी हाताळली होती. पानं वाळतात, पण ती पुन्हा पूर्वीसारखी मिटत नाहीत.

त्यानंतर काही ना काही निमित्ताने मी त्यांच्याकडे जात राहिलो. एकदा भजनी मंडळ आलं होतं. बुवांना पहिल्यापासूनच घुमणारा आवाज हवा होता. आण्णा म्हणाले, "बुवा, आवाज तुमचा भरायचाय का देवळाचा?"

"देवळाचा भरा," बुवा म्हणाले. "आमच्यापरास बरा हाय."

मंडळ हसलं, आण्णाही हसले. शेवटी त्यांनी बुवांना हवं तसं करून दिलं, पण कोरडी प्रत स्वतःकडे ठेवून. मंडळ गेल्यावर मला म्हणाले, "धा वर्सांनी त्येचं पोरगं येणार. म्हणणार, बाचा आवाज द्या. तवा देवळाचा देऊ व्हय?" सूर्य मावळायच्या आत ते जेवायला उठत आणि त्यानंतर खोली उघडत नसत. कितीही मोठा गायक असला तरी.

कुमुदचा आवाज बसला तेव्हा आम्ही खडूच्या धुळीला दोष दिला. सहा महिने काढे आणि गुळण्या झाल्या. मग मिरजेला डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जगण्याची आशा चांगली होती. बोलण्याची मात्र नव्हती. शस्त्रक्रियेला बारा दिवस होते. घरी येताना गाडीत, कराड गेल्यावर ती म्हणाली, "आण्णांकडे जाऊ या. काहीतरी राहू दे." तोपर्यंत तिचा आवाज कुठे जपलेला नव्हता. मोबाइलमध्ये वाढदिवसांच्या गोंगाटात दोन-चार ठिकाणी सापडायचा, तेवढाच.

आम्ही चार दिवस सांगलीला राहिलो. पहिल्या दिवशी तिने कानांना हेडफोन लावून एक कडवं म्हटलं आणि ते काढून मांडीवर ठेवले. कोरड्या खोलीत कोरडा, घोगरा आवाज. "हा माझा नाही," ती म्हणाली. आण्णांनी पुन्हा पाणी गाळून दिलं. मग मशीनच्या मागे जाऊन एक तार बदलली. गाणाऱ्याला धीर यावा म्हणून फक्त त्याच्या कानात ओल द्यायची आणि भरून घ्यायचा तो कोरडाच, अशी सोय असते. कुमुदने पुन्हा हेडफोन लावले, एक ओळ म्हटली आणि थांबून आण्णांकडे पाहिलं. मग ती गात राहिली. चार दिवसांत सात गाणी झाली. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलो होतो. पान उलटल्याचं मला आठवत नाही.

शस्त्रक्रिया झाली. ती घरी आली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात आण्णा साताऱ्याला आले, एसटीने, न कळवता. दारात उभे राहूनच म्हणाले, "सर, ओल आत गेलीया."

मला कळलं नाही. ते आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. "त्या दिवशी वहिनींचं तोंड बघितलं आणि घाई झाली. कानाकडं जायची तार दोन्हीकडं गेली. सातीच्या साती गाणी ओली भरल्यात. कोरडं काय बी न्हाई."

"चार दिवस तुम्ही ऐकत होता," मी म्हणालो. "कळलं कसं नाही?" त्या वेळचा माझा स्वर मला अजून आठवतो. तो मी परत घेऊ शकलो असतो तर बरं झालं असतं.

"ऐकत हुतो. वाटलं, वहिनींच्या कानातलीच ओल माझ्या बी कानात येतीया." मग म्हणाले, "खरं सांगायचं तर सर, मी काम करतच नव्हतो. मी नुसता ऐकत बसलो हुतो."

ओल काढणारा नवा प्रोग्रॅम त्यांनी कोणाकडून तरी आणून लावून पाहिला होता. "ओल निघाली. तिच्यासंगं आवाजाची सालबी निघाली. पत्र्यागत झाला. त्यो न्हाई आणला मी."

कुमुद आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. ती येऊन बसली. गळ्यावर पांढरी पट्टी, हातात शाळेतली पाटी. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र असतं, पण त्यातून येणारा सपाट आवाज तिला सोसला नव्हता. तिने सातही गाणी शेवटपर्यंत ऐकली. आवाज लांबून, मोठ्या दालनातून आल्यासारखा होता. दाबल्यामुळे शब्दांपेक्षा त्यांचं घुमणंच पुढे आलं होतं. छान होतं, पण ती कुठे उभी आहे ते कळत नव्हतं. ती पाटीवर लिहू लागली. आण्णा खडूकडे बघत होते.

'छान आहे. देवळात गायल्यासारखं वाटतं.'

आण्णांनी वाचलं. "व्हय," ते म्हणाले. "देवळाचाच भरला म्या."

ते जेवले नाहीत. कुमुदने कपाटातून धुतलेलं फडकं शोधून काढलं, पाणी गाळून दिलं. तेवढं मात्र त्यांनी पूर्ण घेतलं.

दोन महिने त्यांचा फोन आला नाही. मग पुन्हा एक दिवस दारात उभे. या वेळी पिशवीत पेन ड्राइव्हची लहानशी डबी होती. कानांना हेडफोन असताना खोलीत कोणी काही बोललं तर आण्णांना ऐकू यावं म्हणून तिथे छताजवळ एक साधा माइक टांगलेला असे. त्याला ते बोलायचा माइक म्हणत. त्यात आलेलं मशीन आपोआप वेगळं साठवून ठेवी आणि ते कधी कोणी उघडत नसे. आण्णांनी ते चार दिवसांचं सगळं ऐकलं. गाणी त्यात दबलेली आणि लांबची होती, पण दोन गाण्यांच्या मध्ये कुमुद जे बोलली होती ते तसंच्या तसं होतं. एकेक वाक्य निवडून त्यांनी वेगळं केलं होतं. तीस-बत्तीस असतील.

"ह्यात काय केलंय?" मी विचारलं.

"काय न्हाई."

"गाळलं तरी असेल."

"गाळलंबी न्हाई. हात लावायचं धाडस झालं न्हाई सर." मागे पंखा होता, त्यांच्या खुर्चीची कुरकुर होती, एकदा कोणीतरी दार ढकललं होतं. आण्णांनी न गाळता दिलेली ती पहिलीच गोष्ट असावी.

आणि बोलत होती ती कुमुदच. गाण्यातली नव्हे. कुमुदचं माहेर लोणंदचं. लग्नानंतर दोन-तीन वर्षं मी तिचं 'न्हाई' आणि 'हाय' दुरुस्त करत असे, चारचौघांतसुद्धा. तिने ते हळूहळू माझ्यापुरतं बदललं होतं. आण्णांशी बोलताना ते सगळं परत आलं होतं. "आण्णा, ह्यांना पुस्तकातनं उठवा, न्हाईतर च्या गार करत्यात." "न्हाई जमलं. परत घेऊ व्हय?" "तुमचा पंखा लय वरडतोय बघा." आवाज घोगरा होता, पण तो घरातल्या माणसाचा होता. ते ऐकून कुमुद हसली. आता तिच्या हसण्याला आवाज नसतो. नुसता श्वास येतो. तिने पाटी घेतली नाही. आण्णांच्या हातावर हात ठेवून ती बसून राहिली.

ती वाक्यं आता तिच्या मोबाइलमध्ये आहेत. दिवसातून एखाद-दोनदा स्वयंपाकघरातून हाक येते आणि मी उठतो. 'न्हाई'ला मी आता काही म्हणत नाही.

आण्णांनी मात्र स्वतःला सोडलं नाही. त्यांनी नवं काम घेणं कमी केलं. फोनवर शेवटी दर वेळी तेच, "वहिनींला सांगा, चुकलं." मी सांगायचो की तिने कधीच मनातून काढून टाकलं आहे, ती खूश आहे, रोज ती वाक्यं वापरते. ते ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "वहिनींनी माफ केलं, ते खरं. पर गाणी ओलीच हाईत की."

गेल्या महिन्यात ते गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. त्यांच्या पत्नी, अक्का, यांचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा फक्त थकवा जाणवला. दुःख नंतर आलं. आठवड्याने आम्ही सांगलीला गेलो. अक्का आम्हाला घरात न बसवता मागच्या खोलीत घेऊन गेल्या. "हितंच बसू या. त्यांचं माणूस तुमी." मशीनवर चादर टाकली होती. आम्ही तिघं गोणपाटाच्या भिंतींमध्ये बसलो. मी काहीतरी बोललो. भल्या माणसाला भलं मरण आलं, असलंच काहीतरी. ते शब्द तोंडाबाहेर पडले आणि तिथेच संपले.

कुमुदने पाटी आणलेली नव्हती. तिने मोबाइल काढला आणि बराच वेळ बोटाने खाली-वर करत राहिली. मला वाटलं, ती अक्कांना काही लिहून दाखवणार. मग तिने एका ठिकाणी बोट टेकवलं. तिसऱ्या दिवशी, त्या दिवसाचं शेवटचं गाणं झाल्यावर हे ती म्हणाली असावी. मी तिथेच होतो, पण माझ्या कानावर ते आलं नव्हतं.

"आण्णा, दमला तुमी. बंद करा आता. ऱ्हायलेलं उद्या करू."

वाक्य संपल्यावरही मोबाइलमध्ये पंखा फिरत राहिला. दोन-तीन सेकंद. अक्कांनी मान वर करून छताकडे पाहिलं. खोलीतला पंखा बंद होता.

"व्हय बाई," त्या कुमुदला म्हणाल्या. "बंदच केलं त्यांनी."