शिंगणापूरच्या वाटेवरचे पाच ऊस

मुंगी घाटाच्या पायथ्याशी बैलगाडीतून उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं, आणि थंडी अशी की बोललं की तोंडातून वाफ... साल नीट आठवत नाही, तीस ते चाळीसच्या मधलं कुठलं तरी. मी आठ वर्षांची होते. आता सत्त्याण्णवावं चालू आहे. मी बोलतेय आणि पणती टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या!

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या अलीकडे, अगदी कालव्याच्या कडेला. त्या वर्षी आमच्या वरच्या तुकड्याला पहिल्यांदा पाटाचं पाणी मिळालं. तोवर तिथे ज्वारीशिवाय काही उगवलं नव्हतं. आमच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, मोठ्या हौसेने तिथे ऊस लावला.

आणि लावतानाच शिंगणापूरच्या महादेवाला बोलून बसले. पहिले पाच ऊस तुला, घाट पायी चढून आणीन, आणि तोवर घरातलं कुणीही उसाला तोंड लावणार नाही... झालं! शेजारची पोरं दिवसभर ऊस चघळत आमच्यासमोरून फिरायची आणि आम्ही दोघी बहिणी स्वतःच्या उसाकडे बघत आवंढे गिळायचो. मी तर एकदा फडात शिरून नुसता वास घेऊन आले होते. कुणाला सांगू नका.

म्हणून पौषात ही सगळी वरात निघाली. आबा, दादा म्हणजे माझे वडील, आई, मी आणि पाच वर्षांची सुंदा. आदल्या दिवशी गाडीने नातेपुत्याला आत्याकडे मुक्काम केला, आणि पहाटे उठून घाटाला लागलो.

चैत्रात याच वाटेने लांबलांबून कावडी येतात, म्हणे मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मात्र सगळा डोंगर आमच्या एकट्यांचा होता. आम्ही सपाटीची माणसं. कालव्याच्या भरावापेक्षा उंच काही चढलोच नव्हतो. दर दहा पावलांना मागे वळून बघायचं, आणि खालचा मुलूख आणखी लांबवर दिसला की दादा लहान पोरासारखे हसायचे.

आबांच्या खांद्यावर वाड्यासकट, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पानांसकट, पाच ऊस, त्यांच्या दीडपट उंचीचे. वळणावर ऊस झुडपात अडकायचे, आबा झुडपाला शिव्या द्यायचे, पण ओझं कुणाच्या हाती देणार नाहीत.

अर्ध्यावर एका खडकावर बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. ठेचा आईच्या हातचा... डोळ्यांतून पाणी काढणारा. सुंदाने पाणी मागितलं, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

पाणी कुणीच आणलं नव्हतं! आईला वाटलं दादांनी घेतलं असेल. दादांना वाटलं, पुढे एखादा पाट लागेलच. जन्मभर कालव्याकाठी राहिलेली माणसं आम्ही, घरातून पाणी बरोबर घेऊन निघायचं असतं हे आमच्या गावीच नव्हतं.

तसेच पुढे निघालो. वाळकं गवत आणि दगड, ओल म्हणून कुठे नाही. ऊन वर आलं. सुंदा आधी रडली, मग रडायची थांबली आणि मटकन खाली बसली. ओठ पांढरे पडलेले. वरचं टोकही लांब, खालची गाडीही लांब.

आई सासऱ्यांपुढे कधी तोंड उघडायची नाही. तिने एकदाच उसांकडे पाहिलं आणि मान वळवली. आबांनी ते बरोबर टिपलं.

ते कितीतरी वेळ माथ्याकडे बघत उभे राहिले. नवस मोडला तर तुकड्याचं पाणी जाईल, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. आयुष्यभर वाट पाहिलेलं पाणी ते... मग त्यांनी दोरी सोडली आणि पहिला ऊस गुडघ्यावर मोडला.

"आदी लेकरू," ते म्हणाले. "म्हादेव काय कुटं पळून जात न्हाय."

उरल्यासुरल्या दातांनी सोलून एक एक तुकडा त्यांनी सुंदाच्या तोंडात घातला. तिसऱ्या तुकड्याला तिने डोळे उघडले, पाचव्याला दुसरा ऊस मागायला लागली. दादा नको नको म्हणत होते, तर आबा म्हणाले, नवस मोडायचाच तर पुरता मोडू. मग काय! आईसुद्धा पाठ फिरवून कडाकडा खात होती. त्या गोडीचं मी काय सांगू... हनुवटीवरून रस ओघळत होता आणि आम्ही खिदळत होतो. आबांनी मात्र एक कांडंही घेतलं नाही.

माथ्यावर पोचलो, तळ्यावर पोट फुटेस्तोवर पाणी प्यायलो. मी चिकट हात धुवायला गेले तर आबांनी मनगट धरलं. राहू दे म्हणाले. सुंदाचेही धुवू दिले नाहीत.

गाभाऱ्यासमोर त्यांनी तिला उचलून पुढे धरलं. आवाज इतका मोठा की गुरव दचकून वळला.

"म्हादेवा, तुजं पाचबी ऊस हितं हायेत, ह्या पोरींच्या प्वाटात. मोजून घे."

गुरवाने एकदा आबांच्या रिकाम्या खांद्याकडे पाहिलं, एकदा आमच्या बरबटलेल्या तोंडांकडे. मग त्याने चिमूटभर विभूती घेतली, सुंदाचं परकर-पोलकं जरा सारलं, आणि कपाळाऐवजी तिच्या पोटाला लावली.

आबा हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला.

त्यानंतर मी कितीतरी देवळांत कितीतरी वाहिलं. त्यातलं काय पोचलं, देव जाणे. पण देवाशी इतक्या हक्काने बोलणारा आजोबा मला मिळाला, ते सुख अजून पुरतंय...