ग्रहणात कापलेली फिल्म

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. चाळीसेक वर्षांपूर्वी, सूर्यग्रहण चालू असताना, भर अंगणात बसून मी माझ्या नवऱ्याच्या छातीच्या एक्स-रेचे कात्रीने आठ तुकडे केले.

का? तर बाईसाहेब अंधश्रद्धा मानत नव्हत्या! ग्रहणात काही कापू-चिरू नये असं सासूबाईंनी बजावलं होतं. मी तेव्हा एका सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत मदतनीस होते. फिल्म वाळवायच्या, पाकिटात घालायच्या, पाकिटावर नंबर टाकायचा. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला शास्त्रज्ञ समजत असे. गल्लीतल्या पोरांना ग्रहण दाखवायचं म्हणून रेकॉर्डमधून फिल्म उचलली. दुसऱ्याची उचलली तर चोरी, नवऱ्याची उचलली तर आपलीच... असा माझा कायदा.

"गरनमा कातरी चलाडू नको वं!" सासूबाई दारातून ओरडल्या. मी मुद्दाम कात्री आणखी वाजवली. त्या फिल्ममधून सूर्याकडे बघणं डोळ्यांना घातक असतं हेही या शास्त्रज्ञ बाईला ठाऊक नव्हतं. पोरांचे डोळे वाचले हे नशीब. संध्याकाळी आठही तुकडे मी चुलीत घातले. स्वतःच्या हाताने. हे लक्षात ठेवा.

भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आताही नाही. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

आम्ही शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरीला राहतो. केळी, थोडा ऊस. मुलगे दोन, दोघंही नोकरीला सुरतेला. गेल्या वर्षी दिवाळीनंतर यांचा खोकला महिनाभर थांबेना, म्हणून ग्रामीण रुग्णालयात, म्हणजे माझ्याच जुन्या दवाखान्यात, घेऊन गेले. आता तिथे फिल्म-बिल्म काही राहिलेलं नाही. एक्स-रे काढला की कॉम्प्युटरवर चढतो आणि पुण्यात बसलेल्या डॉक्टर मॅडम तो बघतात. एका छोट्या खोलीत टेबल, टीव्हीएवढा स्क्रीन, वर कॅमेरा. आपण इकडे, मॅडम तिकडे. जुन्या फिल्मही सगळ्या स्कॅन करून त्या कॉम्प्युटरमध्ये ठेवल्यात. निवृत्तीच्या आधी ते काम मीच केलं होतं. यांचं पाकीट आलं तेव्हा उघडून बघायचं नाटकसुद्धा केलं... आणि यादीत लिहिलं, 'रिकामे'.

सकाळचे अकरा वाजले असतील. यांना हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला शेजारच्या खोलीत नेलं होतं. नीता सिस्टरने मला स्क्रीनसमोर बसवलं, कॉल जोडून दिला आणि ती यांच्याकडे गेली. दार बाहेरून ओढून घेतलं. खोलीत मी एकटी.

मॅडम तरुण, बोलायला गोड. म्हणाल्या, "आजी, आबांच्या उजव्या फुप्फुसात वर एक डाग दिसतोय. त्यांचा जुना एक्स-रे आहे का कुठे? डाग तेव्हाही एवढाच असेल तर ती जुनी खूण, काळजी नाही. नसेल तर सुईने आतला तुकडा काढून तपासावा लागेल. त्यांचं हार्ट बघता मला ते करायला नको वाटतंय... पण मग इलाज नाही."

सांगायला हवं होतं ना — फिल्म मी जाळली म्हणून? सांगितलं नाही. रडू नाही, भीती नाही. बोटांपासून खांद्यापर्यंत सगळं बधिर, दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसं. दोन्ही हात मांडीवर पडलेले, जणू कुणीतरी माझ्याकडे ठेवायला दिलेत. एवढं नक्की आठवतं, हात मांडीवरच होते.

तेवढ्यात स्क्रीन अडकला. मॅडमचा चेहरा तसाच, किंचित पुढे वाकलेला. नेट गेलं असेल. आमच्याकडे जातंच. मिनिट-दोन मिनिटं गेली असतील. मग चित्र हललं आणि मॅडम हसत म्हणाल्या, "वा, छान दिसलं! डाग तेव्हाही तिथेच आहे, एवढाच. मी फोटो घेऊन रेकॉर्डला टाकलाय. सुई-बिई काही नको. खोकल्याचं औषध लिहून देते, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा."

मला वाटलं, कॉम्प्युटरमध्ये कुठेतरी सापडली असेल. खरं तर असंही काही वाटलं नाही. मी नुसती मान हलवली.

घरी येताना रिक्षात यांना सगळं सांगितलं. कात्री, चूल, सगळं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. हे माझ्याकडे वळले.

"मन्ही छातीमाईन पोरेसले गरन दखाडं तू?"

"हो, तुमच्या छातीतूनच दाखवलं."

"दिसनं का मंग?"

"दिसलं."

"मंग जाऊ दे," म्हणाले आणि इतके हसले की पुन्हा खोकला लागला. मला हसू आलं नाही. माणूस वाचला होता, सुई टळली होती, तरी आत काही हललंच नाही.

आठवड्याने औषध घ्यायला गेले तेव्हा सिस्टरला म्हटलं, यांचं रेकॉर्ड उघड बाई. तिने उघडलं. नवा एक्स-रे. त्याच्या शेजारी त्याच सकाळचा एक फोटो — उजेडावर धरलेली जुनी फिल्म. अख्खी. कुठे कात्री लागलेली नाही. कोपऱ्यात माझ्याच अक्षरातला नंबर, आणि वरच्या कडेला धरलेले दोन अंगठे.

"तुमचेच ना हात, काकू?" सिस्टरने विचारलं.

मी माझे अंगठे स्क्रीनजवळ नेले. माझे सांधे सुजून गाठाळलेत, नखं पिवळी. फोटोतले सरळ, कोवळे.

"मी त्या खोलीत फिल्म नेलीच नव्हती," म्हटलं. सिस्टर म्हणाली, वयाने विसरायला होतं काकू. असेल. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असलेल्या माझ्या मोठ्या मुलानेही, सुरतेहून आला तेव्हा, डोकं खाजवलं. दुसऱ्याच्या फाईलमधला फोटो चुकून आला म्हणावं, तर नंबर यांचा आणि अक्षर माझं. मला आजही याचा उलगडा झालेला नाही. कुणाला होत असेल तर कळवा.

तीन महिन्यांनी पुन्हा त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसले. हे बरे होते, डाग होता तसाच होता. सगळं बोलून झाल्यावर मी मॅडमना विचारलं, त्या दिवशी जुनी फिल्म तुम्हाला दाखवली कुणी?

मॅडम जे म्हणाल्या ते शब्दाला शब्द लिहिते:

"अहो आजी, तुमच्या मागे उभी होती ना ती मुलगी! चेहरा अगदी तुमचा, मला वाटलं लेक असेल तुमची. फिल्म दोन्ही हातांनी उजेडावर धरली होती तिने. म्हणाली, 'हिला सांगू नका मी दाखवली म्हणून, ही मला फार हसते.' नका हो हसू तिला."