बाबांच्या साक्षीतली तारीख

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मराठी लिहायला बसलो की मध्येच हिंदी शब्द येतो. तो खोडून दुसरा आठवेपर्यंत वाक्य हातातून निसटतं. शिवाय जे सांगायचं आहे त्यात चूक माझी आहे. चूक करणाऱ्यानेच हकीकत सांगावी हे बरं दिसत नाही, याची मला जाणीव आहे. पण दुसरं कुणी हे लिहील असं वाटत नाही, म्हणून वाचणाऱ्यांची माफी मागून लिहितो.

आम्ही मराठी, पण राहतो इकडे उत्तरेत, नदीकाठी दुर्गाघाटाजवळ. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे श्राद्धविधी करणं हे बाबांचं काम. वेद त्यांना पाठ आहे, शाळा त्यांनी पाहिलेली नाही. सरकारी कागद आला की तो माझ्याकडे येतो.

जवळच्याच एका लहान घाटाच्या पायऱ्या सरकारने नव्याने बांधल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यात पूर आला, आणि पाणी उतरल्यावर त्या एका सकाळी खचल्या. खाली नाव बांधत असलेला नावाडी दगडांखाली गेला. आमच्या यात्रेकरूंना तोच पलीकडे नेत असे.

मग गावात राजकारण पेटलं. विरोधी पक्षाने नावाड्याचं प्रेत चौकात नेऊन ठेवलं आणि स्वतंत्र चौकशी मागितली. सत्तेतले म्हणाले, हा सरकारला बदनाम करायचा डाव आहे. रोज एकाचा मोर्चा, दुसऱ्याची सभा. अखेर सरकारला एका निवृत्त न्यायाधीशांचा आयोग नेमावा लागला. ज्याने काही पाहिलं असेल त्याने शपथपत्र द्यावं, असं जाहीर झालं.

पाहिलं पुष्कळांनी होतं, पुढे कुणीच येईना. चहाच्या दुकानात बाबांना एकजण म्हणाला, “सब मिले हुए हैं, गुरुजी. जज साहब भी रिटायर हैं, उनको भी तो कहीं कुर्सी चाहिए.” सगळे हसले. ठेकेदाराने खाल्लं, इंजिनियरने खाल्लं, वरच्यांनी खाल्लं, हे सगळे बोलत. आणि हेच बोलणं सांगण्यासाठी आयोगापुढे जाणं त्यांना खुळेपणा वाटे.

बाबांनी काय पाहिलं होतं ते साधं होतं. आजीच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी ते तर्पणाला त्या घाटावर गेले होते. मजूर पायऱ्यांच्या दगडी लाद्यांखाली काँक्रीटच्या जागी नदीची वाळू आणि विटांचे तुकडे भरत होते. बाबांनी मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, “आप अपना मंत्र पढ़िए, गुरुजी.”

नावाड्याची बायको दारात येऊन बसली तेव्हा बाबांनी साक्ष द्यायचं ठरवलं. लगेच विरोधी पक्षाचा एक पुढारी हार आणि फोटोवाला घेऊन आला. हार गळ्यात पडू नये म्हणून बाबांनी तो हातातच धरला. पेपरात तेवढाच फोटो आला. दुसऱ्या दिवशी गल्लीत कुणीतरी मला विचारलं, “गुरुजी कौन सी पार्टी में गए?”

शपथपत्र मी लिहिलं. कचहरीबाहेरच्या टाइपिस्टकडे बसून, मला येतं तितक्या चांगल्या हिंदीत. बाबांनी दिवस सांगितला होता कार्तिक वद्य पंचमी. टाइपिस्ट म्हणाला, अंग्रेजी तारीख लगेगी. त्याच्या भिंतीवर मागच्या वर्षाचं कॅलेंडर अजून टांगलेलं होतं. त्यात कार्तिक कृष्ण पंचमी शोधली आणि तारीख सांगितली. बाबांनी न वाचता सही केली. माझ्या लिहिण्यावर त्यांचा केवढा विश्वास, म्हणून मला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

ती चूक आमच्यासारख्या माणसाकडूनच व्हायची. आम्हा मराठी लोकांचा महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. आमचा कार्तिक वद्य पक्ष इथल्या देवदिवाळीनंतर, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेनंतर येतो, तेव्हा इथे अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागलेला असतो. इथला कार्तिक कृष्ण पक्ष दिवाळीच्या आधीच होऊन जातो. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण शाळा-कॉलेज सगळं हिंदीत. घराबाहेर पडलो की मी त्यांच्याच महिन्यांनी विचार करतो. तारीख एक महिना आधीची पडली.

सुनावणीला खोली भरली होती. मी पहिल्याच रांगेत बसलो होतो. ठेकेदाराच्या वकिलाने बाबांना शपथपत्र दाखवून विचारलं, यातली तारीख बरोबर आहे का? बाबा म्हणाले, मुलाने लिहिली आहे, बरोबरच आहे. मग वकिलाने कामाचा हुकूम काढला. काम देवदिवाळीची गर्दी ओसरल्यावर सुरू झालं होतं. तुम्ही म्हणता त्या दिवशी जुन्या पायऱ्यांवर त्या वर्षीच्या पुराचा गाळ होता, मजूर कुठून आले?

बाबा म्हणाले, आईच्या श्राद्धाचा दिवस आहे, तो चुकणार नाही.

“तो पंडितजी, माताजी का श्राद्ध आप तिथि से करते हैं या पार्टी के हुकुम से?”

खोली हसली. न्यायाधीशांनी शांत राहायला सांगितलं आणि विचारलं, काही खुलासा करायचा आहे का? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला तोपर्यंत काहीच कळलेलं नव्हतं. मग ते म्हणाले, नाही.

परतताना गल्लीत मी विचारलं की तारखेचं काय झालं. बाबांनी दोन वाक्यांत महिन्यांचा फरक सांगितला. तिथेच का बोलला नाहीत, म्हणालो.

“बोललो असतो तर तुला उभं केलं असतं. कुणी लिहायला लावलं, किती दिले, हे सगळं तुला विचारलं असतं. तुझं कॉलेज व्हायचंय अजून.”

“पण बाबा, ते तुम्हाला खोटारडे म्हणाले.”

“म्हणू दे,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आयोगाच्या कचेरीत अर्ज दिला. सोबत दोन पंचांगं जोडली, आमचं आणि इथलं, दोन्ही पानांवर पेन्सिलीने खूण करून. चूक माझी आहे, मला बोलवा, असं लिहिलं. बाबूने शिक्का मारून पोच दिली. बोलावणं आलं नाही.

त्यानंतर बाबांकडे इथल्या लोकांचं येणं कमी झालं. महाराष्ट्रातले यात्रेकरू येत राहिले, त्यांना काही ठाऊक नव्हतं. निवडणुका झाल्या. प्रेत चौकात ठेवणारे निवडून आले, आणि त्यांच्या सत्काराच्या मंचावर दुसऱ्या रांगेत ठेकेदार बसलेला मी स्वतः पाहिला. चौकशीचं नाव कुणी काढीना. चहाच्या दुकानात लोक म्हणत, हमने तो पहले ही कहा था. मी मात्र पोस्टमनची वाट पाहत होतो. अर्ज वाचला गेला तर बाबांचा शब्द परत खरा होईल, एवढंच माझ्या मनात होतं.

पत्र आलं ते आमच्याकडे नाही, नावाड्याच्या बायकोकडे. परवा दुपारी ती ते घेऊन आली. तिला वाचता येत नाही. “पढ़ दो, भैया,” म्हणाली. बाबा आत संध्येची भांडी पुसत होते. तिने भरपाईसाठी केलेल्या मागणीचं ते लखनौहून आलेलं उत्तर होतं. मी तिला वाचून दाखवलं: आयोगाचा अहवाल सरकारने स्वीकारला आहे, पायऱ्या पुराच्या जोराने खचल्या, कामात दोष असल्याचं सांगणारा साक्षीदार एकच होता, आणि त्याचं सांगणं खोटं आढळलं.