डोक्यातलं चालतं पाणी

माझ्या मेंदूतली गाठ काढून, किरणांचा शेक घेऊन वर्षही झालं नव्हतं आणि तपासणीत त्याच जागी पुन्हा डाग दिसला. गाठ परतली की ही उपचारांचीच जखम, हे डॉक्टरांना सांगता येईना. कदाचित पुन्हा डोकं उघडावं लागेल, म्हणाले. त्या दिवशी मी देवीवर रुसले. वरवट बकालच्या आमच्या घरात तिची पूजा कधी चुकली नव्हती. मी मात्र चार दिवस देवघराकडे पाठ करून स्वयंपाक केला.

नागपूरला एमआरआयच्या दारात मी ह्यांच्यावर चिडले, "मले नाई जायचं आत. काऊन तोच तोच फोटो काढून राह्यले?"

समोरून जाणारी तरुण डॉक्टरबाई माझी बोली ऐकून थबकली. "मावशी, कोन्या गावच्या? मी खामगावची!"

ती माझ्याजवळ बसली. म्हणाली, "पेशीतलं पाणी बाहेर जाते, बाहेरचं आत येते. ते किती लवकर ये-जा करते, हे आमी या मशीनवर मोजून राह्यलो. वाढत्या गाठीत अन् जखमेत फरक दिसन, असं वाटते. पन हा अभ्यास आहे, मावशी. तुमचा इलाज यावरून ठरनार नाई. वीस मिनिटं जास्त पडा लागन, बिलकुल न हालता."

"माह्या डोक्यातलं पाणी चालून राह्यलं?"

"हाव! आत्ताबी!"

अंगावर सर्रकन काटा आला. तिने पुढे केलेल्या संमतीच्या कागदावर मी सही केली.

यंत्र खडखडू लागलं तशी जीभ आपोआप देवीचं नाव घेऊ लागली. मी रुसले होते, तेव्हाही कणाकणातून पाणी वाहतच होतं. ते कोण चालवत होतं? मला इतका आनंद झाला की हसू आवरणं कठीण गेलं; डोकं हललं असतं तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं!

त्या मोजमापात कल गाठीपेक्षा जखमेकडे दिसला. मोठ्या डॉक्टरांनी मात्र नेहमीचे सगळे फोटो शेजारी लावून पाहिले आणि घाई न करता तीन महिने थांबायचं ठरवलं. तीन महिन्यांनी डाग निम्म्यावर आला होता. मी दवाखान्यातच ओरडले, "अहो, कमी झाला!" हे भिंतीला टेकून रडले.

याला चमत्कार म्हणावं का, मला कळत नाही. खामगावची ती लेक नेमकी त्या वेळी समोरून गेली, एवढं खरं. पुढची तपासणी काय सांगेल, ठाऊक नाही. पण आता आत जाताना मी काही मागत नाही. डोळे मिटते, अंग सैल सोडते आणि म्हणते, आई, तू चालव.