कोरड्या बोअरचा चहा

बोअर कोरडा गेला की आमचे आण्णा चहा ठेवायचे. दुसऱ्या कुठल्याही गाडीची माणसं अशा वेळी रॉड गोळा करून, गावाची नजर चुकवून पोबारा करत. आण्णा मात्र गाडीतून स्टोव्ह, पातेलं, पत्ती-साखरेचे डबे आणि आमच्याच पाण्याचा कॅन उतरवत, आणि ज्या गावाला आम्ही नुकतंच 'पाणी नाही' म्हणून सांगितलं त्याच गावाला गोल बसवून चहा पाजत. कपही आमचेच. त्यामुळे कुणी कुणाच्या कपातून प्यावं, हा गावोगावचा जुना प्रश्न तिथे निघतच नसे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा या माणसाला ऊन लागलं असावं अशी माझी खात्री झाली.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्याच्या वाट्याला लागलीच दुष्काळ आला होता. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत होत्या. टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. पण उत्साह दांडगा. प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न असायचा, काल बोअर किती झाले? मी नवा सुपरवायझर. बोअरच्या गाडीबरोबर हिंडायचं आणि आकडा कळवायचा, एवढं माझं काम. त्यात मी स्वभावानं उतावळा. पंगतीत वरण येईपर्यंत माझा अर्धा भात संपलेला असतो, हे बायको आजही चारचौघांत सांगते. अशा माणसाला मशीनवर ऑपरेटर म्हणून आण्णा मिळाले, हा दैवाचा विनोद म्हणायचा.

आण्णा देगलूरकडचे. उंच, काटकुळे, दगडाच्या भुकटीनं भुवया कायमच्या पांढऱ्या झालेले. भेटताच 'जयभीम' करायचे आणि सीमेवरच्या गावात गेलं की निम्मं तेलुगूत बोलून माणसं आपलीशी करायचे. ते आळशी असते तर माझं काम सोपं होतं, वरती एक तक्रार केली की झालं. पण खोदाईला त्यांच्याइतका झपाटलेला माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. मशीन चालू असताना कुणी तंबाखू मळायला टेकलं तरी त्यांचा डोळा फिरायचा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कामात बसायचं न्हाई, आन् बसल्यावर काम काढायचं न्हाई."

या वाक्याचा दुसरा अर्धा भाग ते पहिल्याइतक्याच कडकपणे पाळत. चहाच्या गोलात पाण्याचं नाव काढायला बंदी असे. कुणी उसासा टाकून विहिरींचं सुरू केलं की आण्णा म्हणायचे, "पाण्याचं झालं आता. दुसरं कायतरी बोला." आणि मग कुणीतरी हळूच सांगायचं की अमक्याच्या बैलाला फक्त त्याच्या बायकोची हाक कळते, किंवा तमक्याचा जावई दिवाळीला आला तो अजून हलायला तयार नाही. निलंग्याकडच्या एका गावात एक म्हातारी त्या जावयाची नक्कल करताना एवढी हसली की तिच्या पदरावर चहा सांडला. पाठीमागे कोरडा बोअर, आणि गाव हसतंय. आण्णा उकिडवे बसून, कप दोन्ही तळव्यांत धरून, त्या हसणाऱ्या तोंडांकडे असे बघत की जणू ते बघण्याचाच त्यांना पगार होता.

गंमत म्हणजे पाणी लागलं की हा माणूस क्षणभर थांबत नसे. गाव हळदकुंकू, नारळ, टॉवेल-टोपी घेऊन धावत यायचं, पोरं फवाऱ्याखाली नाचायची, आणि आण्णा बोअर स्वच्छ करून घेऊन रॉड बांधायच्या मागे. पाणी आल्यावर आपली काय गरज, त्यांचं त्यांना बघू द्या, असं म्हणायचे. सत्काराचे पेढेसुद्धा आम्ही चालत्या गाडीत खाल्ले आहेत.

एकदा मी भांडलोच. पुढचं गाव घागरी मांडून बसलंय आणि आपण इथे जावयाच्या गोष्टी ऐकतोय, हे कुठल्या न्यायात बसतं, असं विचारलं. आण्णा चिडले नाहीत. म्हणाले, "पुढच्या गावाची तहान खरीच हाय सायब. म्हणून तर मी जेवाया थांबत न्हाई. त्यो चहाचा टाईम मी माझ्या जेवणातला काढून राहिलो." ते खरं होतं. भाकरी ते गाडी हलल्यावर, केबिनमध्ये, मांडीवर फडकं पसरून खायचे. हे मी रोज बघत होतो आणि मला वाटत होतं, ही त्यांची आवडच आहे. त्यानंतर मी त्या गोलात बसायला लागलो. सुरुवातीला घड्याळ बघत, मग न बघता.

आण्णांची माय देगलूर तालुक्यात, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीवर राहत होती. वस्तीला पाणी नव्हतं. गावच्या विहिरीवर तिनं उमेदीची सगळी वर्षं बाजूला उभं राहून काढली होती. कुणीतरी पोहरा ओढायचा आणि वरून हिच्या हांड्यात ओतायचा, आणि मनात आलं तरच ओतायचा. आता ती विहीरही आटली होती, आणि म्हातारी ओढ्यातल्या झऱ्यावर जात होती. वस्ती नांदेड जिल्ह्यात, आमची गाडी लातूरची. हद्दीवर काम निघालं की मदतनीस म्हणायचे, आण्णा, दोन तासांचा रस्ता, नेऊ गाडी. आण्णा मान हलवायचे. तिकडची गाडी तिकडच्या यादीनं येईल, म्हणायचे. पण त्यांना मनातून एकच गोष्ट हवी होती आणि ती त्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवली होती. मायनं एकदा तरी स्वतःच्या हातानं हांडा भरावा. ती थकत चालली होती, आणि या माणसाला कसली घाई असेल तर तेवढीच होती.

उदगीरच्या पलीकडे एका गावात आम्ही खोदत होतो. आमची जीप डिझेल आणायला गेली होती. दुपारी देगलूरची एसटी रस्त्यावर थांबली आणि ओळखीचा ड्रायव्हर उतरून शेतातून आमच्याकडे आला. मशीनच्या आवाजात ओरडूनच त्यानं सांगितलं की वस्तीवर बोअरला पाणी लागलं, हापसाही बसला, लोक भरून राहिलेत. "पर तुमची माय म्हणती, लेक आल्याबिगर मी हांडा भरणार न्हाई. चला, माघारी तिकडंच निघालोय."

आण्णांनी ऐकलं. कपाळावरचा घाम पुसला आणि बोअरकडे बघितलं. मदतनीस मशीन सांभाळू शकला असता. मी तसं म्हणालोही. आण्णा म्हणाले, "अजून आशा हाय हितं." ड्रायव्हर थोडा वेळ थांबला, मग गेला. एसटी धुरळा उडवत दिसेनाशी झाली.

आशा तासाभरातच संपली. वरपासून खालपर्यंत नुसती भुकटी. आण्णांनी मशीन बंद केलं, स्टोव्ह पेटवला आणि गाव गोल बसलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, दुपारी एसटी थांबली होती, घरी सगळं ठीक हाय ना? "हाव, ठीक हाय," एवढंच आण्णा म्हणाले, आणि त्याला त्याच्या शेळीचं विचारायला लागले. मला राहवेना. आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी गिळून हा माणूस शेळीचं काय विचारतोय? पण ते खोटं खोटं विचारत नव्हते. शेळीची सगळी हकिकत त्यांनी ऐकून घेतली.

जीप आली तेव्हा मी त्यांना जवळजवळ ढकलूनच बसवलं आणि बरोबर निघालो. वाटेत विचारलं, त्या लोकांना सांगितलं का नाही?

"त्यांच्याम्होरं माझं पाणी कसं सांगू, सायब?" आण्णा म्हणाले, आणि मग जे रडायला लागले ते मुखेडचा फाटा मागे पडेपर्यंत.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. वस्तीतल्या लोकांचं भरून झालं होतं. हापशाजवळ रिकाम्या हांड्याला टेकून एक वाळकी म्हातारी बसली होती. लेकाला बघून ती उठली. पदर खोचला, हांडा तोटीखाली सरकवला. आण्णा दांड्याला हात लावायला पुढे झाले तर तिनं त्यांचा हात बाजूला केला.

ती हापसत राहिली. दम लागला की थांबायची, पुन्हा हापसायची. हांडा भरला. काठावरून पाणी ओघळायला लागलं, तिच्या पायांवरून, दगडांवरून, वाळलेल्या मातीत जायला लागलं, आणि ती थांबेना. थेंब थेंब पाण्यासाठी वर्षभर जिल्हा पालथा घातलेला मी, माझ्या तोंडून शब्द निघालाच, मावशी, भरला की हांडा.

आण्णांनी माझं मनगट धरलं. त्यांची नजर मायवरून हलली नव्हती.

"सांडू द्या, सायब," ते म्हणाले. "येवढा एक सांडू द्या."