सुमित्राताईंचा लाल दिवा

फोन सकाळी आला, मी कडकोळच्या आमच्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरत होते तेव्हा. सुमित्राताईंच्या भाच्याचा. "मावशी गेली... झोपेतच," एवढंच म्हणाला. मी वेड्यासारखी "बरं, बरं" म्हणत राहिले. बरं काय त्यात! मग गाडी तशीच वळवली आणि म्हैसुरात नजरबादला त्यांच्या घरी गेले. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. त्या आठवड्यांत मी एक भांडण केलं. ते भांडण सांगितल्याशिवाय मला ताईंबद्दल धड लिहिता येणार नाही, म्हणून रडगाणं बाजूला ठेवून तेच सांगते.

आमचा कारखाना मोटारींच्या वायरिंगचे संच बनवतो. मालक जर्मन, काम करणाऱ्या बहुतेक नंजनगूडच्या वाटेवरच्या गावांतल्या बाया, आणि मध्ये आम्ही. मी नाशिकची, गुणवत्ता विभागात. डोकं गरम, जीभ तिखट. सुमित्राताई मनुष्यबळ खात्याच्या प्रमुख होत्या, पण त्यांना तसं कोणी म्हणत नसे, बाया त्यांना अम्मा म्हणायच्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "आमचं मराठी तुला मराठी वाटतंय का ग? का बिडू, कन्नडच बोलू?" त्यांचं "बिडू" म्हणजे "जाऊ दे", आणि ते दर तिसऱ्या वाक्यात यायचं. प्रत्यक्षात मात्र त्या काहीही जाऊ देत नसत.

मी नोकरीला लागले तेव्हा मार्टिन नावाचे जर्मन साहेब कारखान्याचे प्रमुख होते. चांगला माणूस, सरळ माणूस. आमच्या जुळणीच्या ओळीत प्रत्येक बाईच्या जागेवर एक बटण आणि तिच्या डोक्यावर एक लाल दिवा. काही चुकलं तर बटण दाबायचं, ओळ थांबते, मदत येते. जर्मनीत बटण दाबणाऱ्याची पाठ थोपटतात म्हणे. इथे मात्र दिवा कधी लागायचाच नाही. मार्टिन साहेब खूश! एकही चूक नाही म्हणून त्यांनी सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. आणि पुढच्या काही दिवसांत जर्मनीहून अख्खा माल परत आला. वायरींच्या जोडात, म्हणजे कनेक्टरमध्ये, बसवलेल्या पिना हात लावताच बाहेर येत होत्या. साहेबांना वाटलं, या बायांनी फसवलं. बायांना वाटलं, साहेब आता काढून टाकणार. मला वाटलं, सगळ्यांनाच चांगलं फैलावर घ्यावं.

ताई मात्र दोन पाळ्या ओळीच्या कडेला नुसत्या बसून राहिल्या. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "सुम्ने बस ग स्वल्प." गप्प बस जरा, असा त्याचा अर्थ. मग त्यांच्या लक्षात आलं ते असं... पूर्वी प्रत्येक बाईजवळ पाण्याचा स्टीलचा पेला असायचा. काही बिघडलं की ती पेला पालथा घालून ठेवायची. शेजारीण ते बघायची, दुरुस्तीवाल्याला डोळ्याने खुणावायची, आणि काम कुणालाही न कळता मार्गी लागायचं. चार लोकांसमोर आपल्याच डोक्यावर लाल दिवा पेटवून "माझं चुकलं" म्हणायची गरज कुणाला? आणि मार्टिन साहेबांनी, ओळ स्वच्छ दिसावी म्हणून, ते पेले उचलायला लावले होते! चूक कळवायची तेवढी एकच वाट होती आणि नीटनेटकेपणाच्या नादात ती बंद झाली. साहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले.

मला वाटलं, ताई पेले परत आणतील. नाही आणले. "पालथा पेला शेजारणीपुरता बरा ग," त्या म्हणाल्या, "गाडीत बसणाऱ्या माणसाला तो दिसत नाही." मग त्यांनी मार्टिन साहेबांना निळा डगला चढवून ओळीत बसवलं, पूर्ण पाळीभर. साहेबांची बोटं जाड, पिना बारीक. तासाभरात चुकलेच. ताईंनी दारातूनच नुसतं वरच्या दिव्याकडे बघितलं. साहेबांनी बटण दाबलं, सगळ्या ओळीसमोर त्यांच्या टकलावर लाल दिवा पेटला, आणि बाया अशा हसल्या की काय सांगू! ताई दारातून चालत आल्या, त्यांच्या शेजारी बसल्या आणि विचारलं, "काय झालं?" कोणी केलं, हे विचारलं नाही. तेव्हापासून दिवे लागायला लागले. आणि तेव्हापासून रीतच पडली, नवा साहेब आला की पहिला दिवस ओळीत, आणि पहिला लाल दिवा त्याचा. निवृत्त झाल्यावरही त्या दिवसासाठी ताईंना गाडी जायची.

शनिवारी त्या मेटगळ्ळीजवळच्या एका कॉलेजात आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन शिकवायच्या. पोरांना देशादेशांचे तक्ते फार आवडायचे. जर्मन माणूस असा, जपानी तसा, भारतीय वरिष्ठांना घाबरतो, अमुक देशाला इतके गुण. ताई तक्त्यांना नावं ठेवत नसत. फक्त विचारायच्या, "तुमच्या घरी नाही कोण म्हणतं, आणि कसं?" एकदा मी मागच्या बाकावर बसले होते. एक मुलगी म्हणाली, बाबा गप्प बसतात, आई बघू म्हणते, आत्या सरळ नाही म्हणते. "बघा, एका घरात तीन देश झाले की!" ताई म्हणाल्या. "तक्ता कुठून विचारायला लागायचं ते सांगतो. विचारायचं तुम्हालाच आहे." मला मात्र त्यांनी वेगळाच धडा दिला होता. जर्मन लोकांशी बोलताना नकार आधी, कारण मागून. आपल्या माणसांशी कारण आधी, आणि नकार त्यांनाच काढू दे. मी दोन्हीकडे उलट करायचे आणि दोन्हीकडे बोलणी खायचे.

ताई गेल्या त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयाचा निरोप आला. आन्के नावाच्या नव्या प्रमुख येताहेत. त्यांनी भारताविषयीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा केला आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून बैठका लावा, ओळीत बसण्याचा जुना प्रकार बंद. मी वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. प्रकार! अहो, तो दिवस गेला की बाया नव्या साहेबासमोर बटणाला हात लावणार नाहीत, पिना पुन्हा सुटणार, आणि ताईंनी एवढ्या वर्षांत जे जमवलं ते एका महिन्यात मातीत. आमच्या संचालकांना सांगितलं तर म्हणाले, "बघू या, मॅडम. बाई येऊ देत, रुळू देत, मग हळूच कानावर घालू." हे हळूच मला चांगलं ठाऊक आहे. त्यातून आजवर काही निघालेलं नाही.

व्हिडिओवरच्या बैठकीत आन्के बाईंनी वेळापत्रक वाचून दाखवलं आणि विचारलं, सगळ्यांना मान्य? सगळ्यांच्या माना हलल्या. मी म्हणाले, "नाही." संचालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी टेबलावर चढले आहे. पलीकडे मात्र आन्के बाईंनी पेन उचललं आणि विचारलं, "का नाही?" रागाचं नावही नाही. मी पेल्यांची गोष्ट सांगितली, परत आलेला माल सांगितला, ताई सांगितल्या... तिथे आवाज जरा फुटला, पण सांगितल्या. त्या म्हणाल्या, "पटलं. पहिली पाळी ओळीत." बस्स, एवढंच! बैठक संपल्यावर संचालक म्हणाले, "अहो, इतकं तोंडावर?" मी म्हटलं, "त्यांचं तोंड तेवढ्यासाठीच आहे, सर." बोलून गेले खरी, पण मग गाडीत बसून एकटीच रडले. हे सांगायला फोन करायचा तर कुणाला?

परवा आन्के बाई आल्या. निळा डगला घालून ओळीत बसल्या, शेजारी महादेवम्मा, आमची जुनी कामगार. आणि पंचाईत अशी झाली की बाईंची बोटं बारीक, नजर तयार. एक तास गेला, दोन गेले, चूक म्हणून होईना! मी खांबाशी उभी राहून देवाला म्हणत होते, अरे एक पिन तरी वाकडी जाऊ दे. चूकच झाली नाही तर दिवा लावणार कोण? नुसत्या दाखवण्यापुरत्या बाई ओळीत बसल्या असंच बाया म्हणणार. संचालक घड्याळ बघत होते. आणि तेवढ्यात लाल दिवा लागला. महादेवम्माच्या डोक्यावर. नव्या साहेबांच्या, म्हणजे आन्के बाईंच्या, आधी, त्यांच्याच कोपराला कोपर लावून बसलेली असताना तिने आपण होऊन बटण दाबलं होतं. ओळ थांबली, आणि सगळ्या बायांच्या माना सवयीने दाराकडे वळल्या. ताई तिथूनच यायच्या. दारात कोणी नव्हतं.

मग मीच पुढे निघाले. तिच्या शेजारी जाऊन बसले आणि मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, काय झालं? ती खणखणीत आवाजात म्हणाली, "पिन टक्‌ वाजून बसते, पण ओढली की निघते. मी आधीचे काही संच असेच पुढे सोडले, ते परत मागवा." त्या दिवशीची जोडांची खोकीच खराब आली होती. मी ते आन्के बाईंना सांगितलं. त्यांनी आपल्या पुढ्यातला संच उचलला, पिन ओढली. निघाली. त्यांनी एकदा महादेवम्माकडे पाहिलं आणि आपलं बटण दाबलं. दुसरा दिवा लागला. आजवर साहेब दाबायचे आणि मग बाया धीर करायच्या, त्या दिवशी महादेवम्मानंतर साहेबांनी दाबलं. महादेवम्मा माझ्या कानाशी म्हणाली, "अम्मा असत्या तर आत्ता हसल्या असत्या." मला रडू फुटलं. दिवे लागलेले, ओळ थांबलेली, सगळ्या बघत होत्या, आणि मी तोंड लपवलं नाही. मनसोक्त रडले. मग डोळे पुसले, उठले आणि खराब खोकी उचलायला सांगितली. पाळी संपायच्या आत ओळ सुरू करायची होती.