कुऱ्हाडीवरचं कोंबड्याचं रक्त

पहिलेच सांगून टाकतो — भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याची मी लय टर उडवतो. होस्टेलात कोणी सुरू झालं की त्याच्या डोक्यावर चादर टाकतो अन् म्हणतो, झोप गा आता! म्हणून हे लिहितानी मले स्वतःचीच लाज वाटून राहिली. पण कोणाले सांगितलं नाही तं डोकं फुटन माझं...

मी नागपूरले डॉक्टरकी शिकतो, दुसरं वर्ष. आमची मायक्रोस्कोपची खोली वरच्या मजल्यावर आहे, उत्तरेच्या बाजूनं मोठ्या मोठ्या खिडक्या. खिडकीतला उजेड खालच्या आरशानं काचेवर घ्यावा लागते, म्हणून सगळं काम भर दिवसा. हे झालं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. अंधार, वारा, कुत्र्याचं रडणं... असलं काहीच नव्हतं!

दिवाळीच्या सुट्टीत सगळे घरी गेले, मी अडकलो. काहून? तं परीक्षेत मायक्रोस्कोपखाली लिव्हरची काच ठेवली होती अन् मी किडनी लिहून आलो. आमचे डॉक्टरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "का गा वसंता, घरी मायले तरी वळखतोस का? का तिलेबी मावशी म्हणतोस?" अन् सुट्टीभर रोज काचा पाहाची शिक्षा.

पोलिसांकडून आलेल्या वस्तूंवरचं रक्तही साहेबच तपासत. त्या आठवड्यात पारशिवनीकडच्या एका गावाहून जमादार कुऱ्हाड घेऊन आला. गोविंदा नावाच्या माणसाची. त्याची बायको काशी पंधरा दिवसांपासून गायब. गोविंदा म्हणे, पळाली कोणासंगं. अन् कुऱ्हाडीवरचं रक्त? तं म्हणे, कापणीच्या आधी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, कोंबडा कापला, त्याचं. आता धुऱ्यावर कोंबडा तं सगळेच कापतात! प्रेत नाही, पाहणारा कोणी नाही. जे होतं ते कुऱ्हाडीवर होतं.

हे ओळखणं सोपं आहे. माणसाच्या रक्तातली लाल पेशी गोल, आत काही नाही. कोंबड्याची लांबट, अन् मधात ठिपका. एवढं तं मलेही येते.

काशीची माय तीन दिवसांपासून खाली व्हरांड्यात बसून होती. मी येता-जाता ती विचारे, "काहून गा बाबू, निघालं का काही?"

"पाहून राहिलो मावशी."

दोन काचा झाल्या. दोन्हीवर लांबट, मधात ठिपका. कोंबडा! साहेबांनी रिपोर्ट लिहायले घेतला. जमादार तंबाखू मळत म्हणाला, "म्हणजे सुटला लेकाचा. दुसरी पोरगी पाहून ठेवली हाय त्यानं. सुटून आल्या आल्या हळद लागते त्याले."

"तिसरी काच राहिली," साहेब म्हणाले. "वसंता, तू पाह्य. चित्र काढून दे."

चित्र काढाची आमची एक रीत आहे. डावा डोळा नळीले, अन् उजवा उघडा, बाजूच्या कागदावर. एकानं पाहाचं, दुसऱ्यानं काढाचं. नवीन पोरगा एक डोळा मिटतो अन् साहेबांची टपली खातो. मी दोन्ही उघडे ठेवून बसलो.

लांबट पेशी दिसल्या. चारपाच काढल्या असतील... मग त्या हलल्या.

अरे, सुकलेलं रक्त, पंधरा दिवसांचं! अन् ते वाहून राहिलं होतं — गोल, गोल, गोल, हजारो! मी साहेबांना हाक मारणार तेवढ्यात पहिला घाव बसला.

डाव्या खांद्यावर. हाड तुटल्याचा आवाज मी कानानं नाही, दातानं ऐकला. मी हात आडवा केला — माझे हात तं टेबलावरच होते, पण एक हात वर गेला, बांगड्यांचा — अन् दुसरा घाव त्याच्यावर आला. बांगडीची काच मांसात घुसली. तिसरा कानावर. तोंडात माती, रक्त, तुटलेला दात. मी सरपटत होतो. वर एक माणूस धापा टाकून राहिला होता, लाकडं फोडतानी टाकतात तशा. शिवी नाही, राग नाही, नुसतं काम! चार. पाच. पाठीवर. सहा... मी मोजत होतो, काहून मोजत होतो ते मले माहीत नाही. अकरापर्यंत मोजले.

मी ओरडलो म्हणे, "माय वं!" आमच्या घरी आम्ही आई म्हणतो. अन् जमादार शपथेवर सांगते, तो आवाज बाईचा होता.

शुद्धीवर आलो तं खाली पडलो होतो, अन् म्हातारी जिना चढून आत आली होती. "काशे! काशे वं!" करत तिनं साहेबांनाच बाजूला ढकललं, माझं तोंड दोन्ही हातानं धरलं... अन् मिशीवाला पोरगा पाहून तशीच मागं सरकली.

साहेबांनी माझा सदरा उघडला. डाव्या खांद्यावर वीतभर लाल वळ. कातडी कुठंच फाटलेली नाही. मग ते काचेकडं गेले, पाहिलं. "लांबट. बाकी दोन काचांसारख्याच." अन् मग त्यांची नजर कागदावर गेली.

वर माझ्या चारपाच पेशी. त्याच्या खाली एक जाड, लांबट कडं, त्याच्या आत एक चपटी खूण, अन् त्या दोघांच्या मधात पेन्सिल इतकी घासली होती की कागद फाटला होता.

"ही कोणती पेशी म्हणाची?" साहेब म्हणाले.

जमादार वाकला. "पेशी कायची साहेब? हे कुऱ्हाडीचं डोकं हाय, वरून पाह्यलेलं. हे दांडा बसवाचं भोक. हे पाचर."

साहेब चिडल्यासारखे त्याले म्हणाले, "ठोक. काढ पाचर."

पाचर निघाली. दांडा निघाला. भोकाच्या आत, जिथं ना धुवाचं पाणी पोचलं ना कोंबड्याचं रक्त, तिथं काळी खपली जमली होती. साहेबांनी स्वतः काच बनवली. लय वेळ पाहत राहिले. मग उठून मले म्हणाले, "पाह्य."

"मी नाही पाहत साहेब."

"पाह्य म्हणतो ना!"

गोल. सगळ्या गोल. ठिपका कुठंच नाही.

पुढं कलकत्त्याच्या सरकारी प्रयोगशाळेतून तपासून आलं — माणसाचंच. गोविंदा तेव्हा बोलला. कुऱ्हाड नाल्यात घासून धुतली, अन् वरून कोंबडा कापला, कोणी विचारलं तं सांगाले. काशी त्याच धुऱ्याखाली निघाली.

साहेब म्हणतात, मले उपाशीपोटी चक्कर आली. मग चित्र? तं म्हणतात, योगायोग. पण तो कागद त्यांनी फाडला नाही, कुलुपात ठेवला आहे. मी चार महिने डोकं खाजवून राहिलो, मले काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कोणाले काही समजत असन तं कळवा, पण भूतबाधा म्हणू नका, मी अजूनही मानत नाही.

प्रेत मिळाल्यावर म्हातारी एकदा पुन्हा आली होती. मलेच भेटाले. पायरीवर बसली अन् हळूच म्हणाली, "लय येळ लागला का गा बाबू तिले?"

मी म्हटलं, "नाही मावशी. एकच घाव. समजलंही नसन."

ती माझ्याकडं पाहत राहिली. "मंग हाक कवा मारली तिनं मले?"

ती उठली, लुगडं झटकलं अन् फाटकाकडं चालू लागली.